स्थिर कोणी राहायचे?

जेसल पार्कच्या खाडीकाठी बागडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाने एमआरआयच्या बोगद्यात निश्चल पडावे, सांगू तेव्हा श्वास रोखावा, ही अपेक्षा मोठ्यांच्या सोयीची. म्हणून लहानग्यांना बहुधा भूल देतात. पतंजलींच्या योगसूत्रांतला श्वासनिरोध साधक स्वतः स्वीकारतो, इथे तो लादला जातो. जलद एमआरआय कमी नोंदी घेऊन उरलेले चित्र गणिताने भरतो. संयमाचा भार यंत्राकडे जातो. भूल आता बरीच सुरक्षित आहे आणि घाईचे चित्र फसवू शकते, हा आक्षेप उरतोच. त्यातला दुसरा भाग मला मान्य आहे: हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी स्पष्टताच हवी. पण जोखीम लहान असली, तरी ज्याला संमती देता येत नाही त्याच्यावर ती टाकणाऱ्यानेच तिची अपरिहार्यता आधी सिद्ध करायला हवी.