ज्याचे ताट त्याचा नियम

मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही जरा मोठ्या उडपी हॉटेलचे मेन्यूकार्ड उघडावे. इडली-डोशापासून सुरुवात होते, मग उत्तप्पा, पावभाजी, चाट, पुढे पंजाबी भाज्या, तंदूर, चायनीज, पुलाव-बिर्याणी, शेवटी ज्यूस आणि फालुदा. मधेच कुठेतरी ‘जैन मिळेल’ अशी ओळ असते. चतुर्थी-एकादशीला उपासाच्या पदार्थांची वेगळी पाटी लागते. एकाच टेबलावर आजी साबुदाण्याची खिचडी मागवते, सून रवा मसाला डोसा, नातू शेजवान राइस आणि त्याच्याबरोबर आलेला जैन मित्र कांदा-लसूण वगळून, बटाट्याऐवजी कच्चे केळे घातलेली पावभाजी. वेटर चारही ऑर्डरी एका दमात भटारखान्यात सांगतो. हे इतके रोजचे झाले आहे की यात धर्माचा काही प्रश्न दडला आहे असे कुणाला वाटत नाही. पण तो आहे. कुणी कुणाच्या हातचे, कुणाच्या पंक्तीला, काय खावे यावर ज्या समाजात धर्माचा निम्मा डोलारा उभा होता, त्या समाजात माणसे अनोळखी हातचे अन्न, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून, यादीतून निवडून खाऊ लागली. यात आहारधर्म बुडाला असे मानणारे पुष्कळ आहेत. मला उलट वाटते. निवड आल्यामुळेच आहाराच्या नियमाला नीतीचे मोल आले, कारण जे टाळण्याची सोयच नव्हती ते टाळले नाही याचा दोष नाही, आणि जे मिळतच नव्हते ते खाल्ले नाही याचे पुण्यही नाही.

हा विचार आधुनिक नाही. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात उषस्ति चाक्रायणाची गोष्ट येते. कुरुदेशात पिके बुडाली आहेत आणि हा विद्वान ब्राह्मण बायकोसह हत्तीवाल्यांच्या गावात उपाशी भटकतो आहे. एक हत्तीवाला हलक्या कडधान्याच्या घुगऱ्या खात बसलेला दिसतो. उषस्ति त्याच्याकडे मागतो. पुढ्यात आहे त्याखेरीज माझ्याजवळ काही नाही, असे तो सांगतो. उषस्ति तेच उष्टे घेऊन खातो. मग हत्तीवाला पाणी पुढे करतो, तर ते उष्टे म्हणून उषस्ति नाकारतो. घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या का, या सरळ प्रश्नाला त्याचे उत्तरही सरळ आहे: त्या खाल्ल्या नसत्या तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवे तिथे मिळेल. एकच माणूस, एकच दाता, एकच उष्टेपण. तरी एका गोष्टीला नियम लागू नाही आणि दुसरीला आहे. फरक पडला तो पर्यायाने. जिथे निवडीला जागा आहे तिथूनच नियम सुरू होतो, असे उपनिषद इथे सांगते, आणि तेही एका ब्राह्मणाच्या तोंडून.

बौद्ध परंपरा हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगते. मांसाहारबंदीची सक्ती भिक्षूंवर करावी ही देवदत्ताची मागणी बुद्धांनी मान्य केली नाही. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले नसेल, ऐकले नसेल, तसा संशयही नसेल, तर भिक्षापात्रात पडलेले घेण्यात भिक्षूला दोष नाही, असा विनय आहे. आपल्याकडे माधुकरी मागणाऱ्यालाही दारात पडेल ते घ्यावे लागे. ही सूट मागणाऱ्याची आहे. मेन्यूकार्डावर बोट ठेवून ऑर्डर देणाऱ्याला ती नाही. ‘समोर आले ते खाल्ले’ असे तो म्हणू शकत नाही, कारण समोर आले ते त्याने मागवले म्हणून आले. पोटापुरते सोडून तिघांचे मागवले आणि निम्मे टाकले, तर त्याचे उत्तर त्यानेच द्यायचे.

पूर्वी हे उत्तर जात देत असे. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता हात लावला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि शहरात ग्रामण्य माजले. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताची भाषा स्वीकारावी लागली. कुणाच्या मनात काय होते हे त्या प्रकरणात कुणी विचारले नाही; कप कुणाच्या घरचा एवढेच विचारले. कोल्हापुरात याच्या नेमके उलट घडले. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढायला लावले आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा ते घेऊ लागले, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. आणि 1950 साली राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कुणालाही सार्वजनिक उपाहारगृहात अडवता येणार नाही असे ठरवले. हॉटेलचा उल्लेख घटनेत नावानिशी व्हावा लागला, यावरून त्या दारात काय काय अडवले जात होते ते कळते. या साऱ्यातून मिळाले ते एवढे: शेजारी कोण बसला आहे हा प्रश्न धर्मातून वजा झाला आणि माझ्या ताटात काय आहे हा प्रश्न शिल्लक राहिला.

यावर जुना आणि वजनदार आक्षेप शुद्धीचा आहे. एकाच भटारखान्यात, कदाचित एकाच तव्यावर, सगळ्यांचे शिजते. मग कुणाचाच नियम धड राहत नाही. आक्षेप खोटा नाही. पण टेबलावरच्या चौघांकडे पुन्हा नीट पाहावे. आजीच्या खिचडीतला बटाटा तिला उपासाला चालतो. तोच बटाटा जैन मित्राला कंदमूळ म्हणून वर्ज्य. आणि बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, ज्याच्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. सोळाव्या शतकाआधी या भूमीवर कुणी ते चाखले नव्हते. म्हणून आजीचा उपास लटका ठरतो का? मुळीच नाही. ती सकाळपासून थांबली आहे, समोरचा डोसा तिला आवडतो आणि ती तो मागवत नाही. व्रत आहे ते इथे. पवित्रपणा पदार्थात चिकटलेला असता तर एकाच बटाट्याने एकाच टेबलावर दोन उलट गोष्टी केल्या नसत्या. तव्याचे म्हणाल, तर तो प्रश्न शिवाशिवीचा नसून खरेपणाचा आहे. वेगळा तवा आहे असे सांगितले असेल तर तो असला पाहिजे. लोणी लिहिले असेल तर लोणीच असले पाहिजे. अनोळखी हातचे खाणाऱ्याला मालकाच्या शब्दाखेरीज आधार नसतो, म्हणून तिथे खोटे बोलणे हे सर्वांत मोठे विटाळणे आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. तो म्हणतो की खरी समता लंगरात आहे, काल्यात आहे. तिथे सगळ्यांना एकच अन्न, आणि पैसे नाहीत. हॉटेलातली समता गल्ल्यावर विकत घेतलेली. ज्याच्या खिशात नाही तो बाहेर. हे मान्य केलेच पाहिजे. मेन्यूकार्ड लंगराची जागा घेऊ शकत नाही. पण लंगर जे करतो त्याची मर्यादाही पाहावी. सर्वांना चालावे म्हणून तिथले अन्न शाकाहारी आणि साधे ठेवतात. म्हणजे फरक बाजूला ठेवून माणसे एकत्र येतात. हॉटेलच्या टेबलावर माणसे फरकासकट एकत्र येतात, आणि कुणाला आपला नियम शेजाऱ्यावर लादता येत नाही. बहुधर्मी गावात रोज जगायला ही दुसरी सवयही लागते.

तरी या विस्तीर्ण यादीचा फार गौरव करू नये. सहभोजनाने जात जात नाही हे डॉ. आंबेडकरांनी 1936 सालीच ‘जातिनिर्मूलना’त स्पष्ट मांडले आणि आंतरजातीय विवाहाला खरा उपाय मानले. एकत्र जेवून उठलेली माणसे वेगवेगळ्या सोयरिकी बघायला जातात, हे आजही दिसते. शिवाय यादी दिसते तेवढी रुंद नाही. शेकडो पदार्थांत मेक्सिकन नाचोज सापडतात, पण वजडी किंवा सुकट शोधून सापडत नाही; हॉटेल मांसाहारी असले तरी. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकाची नोंद केली, ती यामुळेच महत्त्वाची आहे. कुणाचे खाणे ‘पदार्थ’ म्हणून कार्डावर चढायच्या लायकीचे, हे आजही ठरवले जाते, आणि ते ठरवणारा निकष चवीचा नाही.

शुद्धीची जुनी चर्चा मात्र टाकून द्यावी असे मला वाटत नाही. रामानुजांच्या परंपरेत अन्नाचे तीन दोष सांगितले आहेत: पदार्थाच्या स्वभावाचा, केस-माती पडल्याने येणारा, आणि ज्याच्याकडून अन्न येते त्याच्या दुर्वर्तनाचा, म्हणजे आश्रयदोष. पहिल्या दोन दोषांची आपण आजही कसून चौकशी करतो. लसूण घातलाय का, ग्लास नीट धुतलाय का. तिसऱ्याला आपण पूर्वी आचाऱ्याच्या जातीवर नेऊन ठेवले आणि जात मागे पडल्यावर तो दोषच विसरलो. तो विसरण्यासारखा नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यात कामाला ठेवण्यावर ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे; तरीही टेबल पुसायला आलेल्या हाताच्या वयाकडे आपले लक्ष किती वेळा जाते? पगार रखडलेल्या आचाऱ्याने रांधलेला, अगदी काटेकोर सात्त्विक डोसा हा आश्रयदोषाचा धडधडीत नमुना आहे, आणि उपासाच्या पाटीने तो दोष फिटत नाही. गिऱ्हाईकाला हे कळणार कसे, असे कुणी म्हणेल. पूर्ण कळणार नाही. पण लसणाबद्दलचे उत्तरही खरेच मिळेल याची हमी नसते, आणि तरी आपण विचारतोच. त्याच वेटरला तो स्वतः कधी जेवतो आणि रात्री किती वाजता सुटतो हे विचारायला कोणते शास्त्र आड येते?