चढणीचे मासे

शास्त्रपाठ : अनुवाद 22:6, 7, योहान 21:1-14



मृग नक्षत्र निघाले म्हणजे आमच्या कोल्हापूर प्रांतातील माणसाचे चित्त घरात राहत नाही. पहिला मोठा पाऊस होऊन ओढ्यांस गढूळ पाणी आले की नदीतील मासा ते नवे पाणी ओळखतो व प्रवाहाच्या उलट चढू लागतो. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती ह्या नद्यांतून तो ओढ्यांत शिरतो, ओढ्यांतून भातखाचरांत शिरतो, आणि वीतभर पाण्यातून पाठ उघडी टाकून पुढे सरकत जातो. ह्यांस आपण चढणीचे मासे म्हणतो. मग रात्रीच्या वेळी जाळी, बुट्ट्या आणि बॅटऱ्या घेऊन आजा, बाप, नातू, मेहुणा, शेजारी असे सगळे बांधावर जमतात. कोणी पाण्यात, कोणी काठावर. लहान मुलांचे काम बुट्टी धरण्याचे. घरी आया चुलीवर मसाला वाटून वाट पाहत असतात.

शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी 1895 साली वसविली. आजही खेड्यांतील आपले पुष्कळ तरुण येथील दुकानांत व कारखान्यांत कामास येतात. इतर महिन्यांत ते एखादा शनिवार गावी जातात, एखादा जात नाहीत. परंतु मृगातल्या शनिवारी सायंकाळी बसस्थानकावर उभे राहून पाहावे, ते सगळे तेथे दिसतील. आईच्या आजाराची चिठ्ठी आली तरी ज्याचा पाय निघत नाही, तोही माशांकरिता निघतो. हे मी टोचून बोलण्याकरिता लिहीत नाही. मीही खेड्यातलाच आहे, आणि पहिला मासा मामाच्या बुट्टीत हात घालूनच धरला आहे.

असे मिळून मासे धरावयास जाणे हे पाप आहे, असे कित्येक जुन्या उपदेशकांचे मत होते. माझे तसे नाही. प्रभू मेलेल्यांतून उठल्यावर पेत्राने काय म्हटले ते योहानाने लिहून ठेविले आहे. मासे धरावयास जातो, असे तो म्हणाला. बाकीचे सहाजण म्हणाले, आम्हीही येतो. आपल्या गावात एकाने जाळे खांद्यावर टाकले की दुसरे जसे निघतात, तसेच हे. प्रभूने त्यांस त्याबद्दल रागे भरले नाही. रात्रभर त्यांस काही सापडले नाही तेव्हा जाळे कोठे टाकावे हे त्याने सांगितले, व ती काठावर येतात तोच त्यांच्यापुढे विस्तव, मासळी व भाकर तयार होती. प्रभूने आधीच मासळी भाजावयास ठेविली होती, तरी त्यांनी धरलेल्यांतूनही काही आणावयास सांगितले. आपल्या हातचे त्याने आपल्या पंगतीत घेतले. ती मासळी एकशे त्रेपन्न होती. ह्या आकड्यावर विद्वानांनी नाना तर्क केले आहेत. मला तर एवढेच दिसते की ती माणसे कोळी होती, आणि कोळी आपली मासळी मोजतो.

तेव्हा जाणे वाईट नाही, धरणे वाईट नाही, बरोबर बसून खाणे तर मुळीच नाही. मग बोलण्यासारखे काय आहे, ते सांगतो.

गेल्या वर्षीच्या मृगात आपल्या एका मंडळीतील पाच-सहा तरुण शनिवारी रात्री ओढ्यावर गेले. रविवारी उपासनेस त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. सोमवारी त्यांच्यापैकी एकजण कामावर परत येताना माझ्या घरी मोठी बुट्टी भरून मासे घेऊन आला. पाळकाची आठवण ठेविली म्हणून मला आनंद झाला, आणि रविवारी कोठे होतास, हे विचारावयाचे मी सोयीस्कर विसरलो. माझे कुटुंब विळी घेऊन मासे करावयास बसले. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. ताटलीत गाभोळीचा ढीग झाला होता. ती म्हणाली, “अहो, ह्या सगळ्या दोन जिवांच्याच आहेत.” मी पाहिले, काही बोललो नाही, आणि जेवावयास बसलो. गाभोळी मला फार आवडते, हे लपवून काय करू?

दोन दिवसांनी त्या गावचे उपदेशक भेटावयास आले, तेव्हा उरलेली हकीकत कळली. जाळ्यात मासा हवा तितका येईना म्हणून मुलांनी वरच्या डोहात ब्लीचिंग पावडर ओतली होती. मोठे मासे तडफडून वर आले, ते त्यांनी वेचले. लहान पिल्ले, बेडूक, खेकडे, पाण्यातले किडे, ह्यांस वेचण्यासारखे काही नव्हते. ते तसेच वाहून गेले. त्या ओढ्यावर खालच्या अंगास एक भोई कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करून राहते. सकाळी त्यांच्या जाळ्यात मेलेली पिल्ले अडकली होती, आणि जनावरे पाण्याचा वास घेऊन न पिताच मागे फिरत होती. त्या घरातील म्हातारी उपदेशकांच्या दारी आली. ती भांडली नाही. तिने एवढेच विचारले, “मास्तर, तुमच्या देवळात पोरास्नी हेच शिकवता व्हय?”

बंधूंनो, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही. कारण आम्ही हे शिकवीत नव्हतो हे जितके खरे, तितकेच हेही खरे की ह्याच्या उलटही आम्ही काही शिकवीत नव्हतो. व्यासपीठावरून मी दारूविषयी बोललो आहे, हुंड्याविषयी बोललो आहे. ओढ्याविषयी पवित्र शास्त्रात काही असेल, हे माझ्या मनात आले नव्हते.

ते अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. मोशे लोकांस सांगतो की वाटेने जाताना झाडावर किंवा जमिनीवर घरटे आढळले, त्यात पिल्ले किंवा अंडी असली, व पक्षीण त्यांवर बसलेली असली, तर पिल्ले पाहिजे तर घ्यावी, परंतु आईस पिल्लांसह धरू नये. तिला अवश्य जाऊ द्यावे. किती लहानशी ही आज्ञा! हा अध्याय चुकलेला बैल घरी पोहोचविण्याविषयी बोलतो, घराच्या धाब्यास कठडा बांधण्याविषयी बोलतो, आणि त्यांच्यामध्ये हे एक घरटे. परंतु तिला जोडलेले वचन पाहा. तुझे बरे व्हावे व तुझे दिवस पुष्कळ व्हावे, असे जे वचन आईबापांचा मान राखणाऱ्यास दिले आहे, तेच येथे एका पाखरास सोडून देणाऱ्यास दिले आहे. आपली आई आणि रानातली ती मुकी आई, दोघींच्या बाबतीत देवाने एकच आशीर्वाद ठेविला.

देवाने येथे घेण्यास मनाई केलेली नाही. भुकेल्याने पिल्ले घ्यावी. मनाई आहे ती सर्व घेण्यास. जी पुन्हा घरटे बांधील, पुन्हा अंडी घालील, ती देवाच्या भांडाराची किल्ली आहे, आणि किल्ली कोणी घरी नेऊ नये. आता मला सांगा, चढणीच्या माशात आई कोठे आणि पिल्ले कोठे? दोन्ही एकाच पोटात! रोहूसारख्या एका मोठ्या मादीच्या पोटात अंडी लाखांनी असतात. ती वर चढते ती खाण्याकरिता चढत नाही. उथळ, नव्या पाण्यात अंडी घालावी म्हणून चढते. त्या वाटेवर तिला धरले तर आई व पिल्ले एकदमच गेली, आणि पक्षिणीच्या घरट्यापाशी जी निवड देवाने आपल्या हाती ठेविली होती तीही गेली. म्हणून त्या चार-आठ दिवसांत भरल्या पोटाच्या मादीस वाट देणे हाच ह्या आज्ञेचा अर्थ मी करतो.

कोणी म्हणेल, पाळकसाहेब, एका ओढ्यातल्या माशांचे एवढे काय? देवाचे भांडार अपार आहे. बरे, आपल्याच कोल्हापूरची एक गोष्ट सांगतो. संस्थानी काळात येथे चित्ते पाळीत व त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. तो मोठा इतमामाचा खेळ असे. परंतु पाळलेला चित्ता बंधनात क्वचितच वीत असे, आणि शिकारीस उपयोगी पडे तो रानात आईपाशी शिकलेला मोठा चित्ता. म्हणून दर वेळी रानातूनच धरून आणावा लागे. असे करता करता हिंदुस्थानचे चित्ते इतके विरळ झाले की कोल्हापूर व भावनगर ह्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. 1947 साली आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते गोळीस बळी पडले, आणि 1952 साली चित्ता ह्या देशातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे सत्तर वर्षांनी, 17 सप्टेंबर 2022 रोजी, नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले. ज्या राजांनी शिकार केली त्यांस कोणी दुष्ट म्हणत नाही. शेवटचा चित्ता हाच, असे त्यांच्यापैकी कोणास ठाऊक नव्हते. शेवटच्याच्या गळ्यात तशी पाटी नसते.

ह्याच कोल्हापूरची दुसरी गोष्ट अधिक चांगली आहे. दाजीपूरचे रान पूर्वी राजांचे शिकारीचे रान होते. 1958 साली तेच गव्यांकरिता अभयारण्य झाले, आणि महाराष्ट्रातील ते पहिले.

आता पारधीविषयी थोडके. होळीनंतर रान सुकले की कित्येक गावांतील तरुण कुत्री, काठ्या व वाघरी घेऊन सशांच्या, घोरपडींच्या व डुकरांच्या मागे जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद केली आहे, आणि परवानगीवाचून ती करणारा तुरुंगात जाऊ शकतो. घोरपड धरणारास मोराच्या शिकाऱ्याइतकाच दोष लागतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. उपदेशकांनी ते सांगावे. शास्त्रात शिकार नाही असे नाही. परंतु लेवीयाच्या सतराव्या अध्यायात शिकाऱ्यास आज्ञा आहे की मारलेल्या प्राण्याचे रक्त भूमीवर ओतून ते मातीने झाकावे. जीव कोणाचा होता, हे मारणाऱ्याने हातांनी माती ओढताना आठवावे, म्हणून ती. आमची मुले तर मेलेला ससा हातात धरून फोटो काढतात व गावभर दाखवितात. येथे झाकणे कोठे राहिले? आणि इसहाकाचे घर आठवा. एसावाने आणिलेल्या मृगमांसाची बापास गोडी होती, व त्या गोडीने त्याने एका मुलास जवळ केले. पुढे त्याच ताटावरून त्या घरात कपट शिरले.

पाण्यात विष घालणे किंवा सुरुंग उडविणे हा तर 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा आहे. तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडणारेही आहेत. त्यात माशांबरोबर माणसेही गेली आहेत, ह्यापेक्षा अधिक मी लिहीत नाही. कित्येकजण विचारतात, पंचगंगेत गटारांचे व कारखान्यांचे पाणी येऊन माशांचा खच पडतो, त्यांस कोण बोलतो? त्यांसही बोलले पाहिजे, आणि मंडळीने अर्ज करावयाचा असेल तर माझी सही पहिली घ्यावी. परंतु शेजाऱ्याच्या घागरीएवढ्या पापाने माझे वाटीएवढे पाप धुतले जात नाही.

त्या मुलांचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. उपदेशकांनी त्यांस मंडळीपुढे उभे केले नाही. त्यांस घेऊन ते भोयांच्या दारी गेले. मीही गेलो, कारण गाभोळी मीही खाल्ली होती. जक्कयाने चौपट परत देण्याचे कबूल केले होते, तेवढे आमच्याच्याने झाले नाही. मुलांनी आपल्या पगारातून त्यांस नवे जाळे घेऊन दिले. म्हाताऱ्या भोयाने ते उलटून पालटून पाहिले व म्हणाला, “जाळं बरं हाय. पर पोरानु, पुढच्या मिरगात माझ्यासंगं या.”

ह्या वर्षी ती त्याच्याबरोबर गेली. मी काठावर छत्री धरून उभा होतो. पहिले चार दिवस म्हाताऱ्याने कोणास पाण्यात हात घालू दिला नाही. मासे पायांजवळून चढत होते, मुले चुळबुळत होती, आणि तो बांधावर बसून विडी ओढीत होता. मग अंडी घालून मासे परत उतरू लागले तेव्हा त्याने जाळे लावविले, तेही ओढ्याच्या अर्ध्या रुंदीचेच. दुसरी बाजू मोकळी का ठेवावयाची, असे एका मुलाने विचारले. तो म्हणाला, “ती त्येंची वाट.”

मासळी कमी मिळाली. तिचे वाटे केले, एक वाटा मंडळीतील विधवेच्या घरी गेला, एक भोयाच्या घरी. रात्री दहाच्या आत सगळे घरी परतले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपासनेस सगळी मुले आली होती. त्यांतील एकजण उपदेश चालू असता झोपला, त्यास मी उठविले नाही.

एक पाळक,
शाहूपुरी, कोल्हापूर