सरहद्द ओलांडणारी चित्रे

दोन देशांमधील सांस्कृतिक देवाणघेवाण म्हटले की सरकारी शिष्टमंडळे, सामंजस्य करार आणि काचेच्या कपाटांतून फिरवला जाणारा प्राचीन वारसा एवढेच सहसा डोळ्यांपुढे येते. परंतु जिथे सरकारांमधला संवादच वारंवार तुटतो, तिथे कलावंतांचे नाते कोणत्या वाटेने टिकते, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्या समकालीन कलेत त्याचे उत्तर शोधता येते.

सिंध १९३६ साली वेगळा होईपर्यंत कराची मुंबई इलाख्यातच होती आणि हवाई अंतर पाहिले तर मुंबईला आजही दिल्लीपेक्षा कराची जवळ आहे. तरीही एका शहरातील चित्र दुसऱ्या शहरात नेणे व्हिसा आणि सीमाशुल्क यांच्या कचाट्यात सापडते. मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानच्या हुमा मुलजी यांनी २००० साली सुरू केलेल्या ‘आर-पार’ या उपक्रमाने ही अडचणच कलाकृतीच्या घडणीत सामावून घेतली. २००२ च्या टप्प्यात कलावंतांनी आपली चित्रे ईमेलने पलीकडे धाडली, तिथल्या छापखान्यात त्यांची पोस्टरे निघाली आणि ती थेट रस्त्यावरच्या माणसांपर्यंत गेली. येथे मूळ कृती आणि तिची नक्कल हा भेद उरतच नाही, कारण पलीकडचा कागद, शाई आणि छापणारे हात यांच्यावाचून कृती पूर्णच होत नाही. घेणाराही घडवणारा होतो, आणि हीच खरी देवाणघेवाण होय.

या नात्यातील स्पर्धाही कलावंतांनी लपवलेली नाही. कराचीत जन्मलेल्या बानी अबिदी यांच्या ‘मँगोज’ या व्हिडिओकृतीत परदेशी राहणाऱ्या दोन स्त्रिया, एक भारतीय आणि एक पाकिस्तानी, शेजारी बसून आंबे खात बालपणीच्या आठवणी काढतात आणि बघता बघता कोणाच्या देशात आंब्याच्या जाती अधिक, यावर येऊन ठेपतात. दोन्ही भूमिका अबिदी यांनीच केल्या आहेत. हापूसच्या अभिमानात वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला ही चढाओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बंधुभावाची भाषणे ऐकून जे उमगत नाही, ते एकाच चेहऱ्याच्या दोन स्त्रिया पाहताना उमगते.

अणुचाचण्यांच्या वर्षी, १९९८ साली, मूळच्या कराचीच्या नलिनी मलानी यांनी उर्दू कथाकार सआदत हसन मंटोच्या ‘टोबा टेकसिंग’ या फाळणीवरील कथेवर मांडणीशिल्प, म्हणजे प्रेक्षकाला आत वावरता येईल अशी अवकाशबद्ध कलाकृती, रचले. ज्या मुंबईत मंटो नावारूपाला आला, त्याच मुंबईत या मांडणीशिल्पाचे प्रदर्शन झाले.

२०१५ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक कलाप्रदर्शनात, दोन्ही देशांची अधिकृत राष्ट्रीय दालने नव्हती. तेव्हा दिल्लीच्या गुजराल फाउंडेशनने शिल्पा गुप्ता आणि लाहोरचे रशीद राणा यांचे ‘माय ईस्ट इज युवर वेस्ट’ हे संयुक्त प्रदर्शन तिथे भरवले. राणांनी व्हेनिसमधील खोलीची प्रतिकृती लाहोरच्या लिबर्टी मार्केटमध्ये उभारून दोन्ही ठिकाणे थेट चित्रप्रक्षेपणाने जोडली आणि बाजारात आलेला माणूस इटलीतील अनोळखी प्रेक्षकाशी बोलू लागला. कल्पना विलक्षण होती. पण शेजाऱ्यांना एकत्र येण्यासाठी तिसऱ्या देशाची भूमी लागावी, हे शल्य तिच्या यशाने बोथट होत नाही.

म्हणूनच प्रतिमा पोचतात तेव्हा माणसे पोचण्याची गरज संपते, हा समज घातक आहे. भारतातील ‘खोज’ आणि पाकिस्तानातील ‘वसल’ या कलावंतांनी चालवलेल्या संस्थांच्या कार्यशाळांचे बळ एकाच छताखाली राहण्यात, एकमेकांची अवजारे हाताळण्यात आणि समोरासमोर भांडण्यात होते. पडद्यावर ते साधत नाही. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले आणि अटारीची तपासणी चौकीही बंद केली. सुरक्षेचा प्रश्न खरा आहे आणि हल्ल्यात गेलेल्यांचे दुःख कोणत्याही प्रदर्शनाने हलके होणार नाही. तरीही परिस्थिती निवळताच कलावंत आणि कलाविद्यार्थी यांच्यासाठी अल्पमुदतीच्या व्हिसाची स्वतंत्र तरतूद दोन्ही सरकारांनी करावी, आणि तोवर मुंबईच्या कलामहाविद्यालयांनी ‘आर-पार’सारखे उपक्रम अभ्यासक्रमात आणावेत.