दोन तास उन्हात

शांत बसा. डावा हात मांडीवर पालथा ठेवा. घड्याळाचा पट्टा थोडा वर सरकवा. खालची त्वचा फिकट दिसते ना? बाकीच्या हाताने किती ऊन पाहिलं ते आपण विसरलो. कातडी विसरलेली नाही.

आता दुसरा एक हात डोळ्यांपुढे आणा. गोरापान, सत्तरीतला, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या शेतात राबलेला. त्यावर एक चट्टा आहे. डोळ्यांना धड दिसत नाही, पण बोट फिरवलं की पॉलिशपेपरसारखा लागतो. अ‍ॅक्टिनिक केराटोसिस. हा कर्करोग नव्हे. असे थोडेच चट्टे तिकडे वळतात. कोणता वळेल, हे मात्र आधी सांगता येत नाही.

या अनिश्चिततेपाशी एक श्वास थांबा.

म्हणून चट्ट्यावर मलम लावतात. त्यात असतो रक्तातलं हीम घडवण्याचा कच्चा माल. बिघडलेल्या पेशी तो जास्त घेतात आणि त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन साठवतात. तीन तास झाकून ठेवायचं. अंधारात पेशीला काहीही होत नाही. मग लाल दिवा लागतो, पेशीतला ऑक्सिजन खवळतो आणि पेशी मरते. खाजकुयली लागावी तशी आग होते, तीही खरीच.

उजेडाच्या याच करामतीचं कोडं म्युनिचमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला पडलं होतं. रंगद्रव्य एकच, प्रमाण तेवढंच, तरी पाण्यातले पॅरामेशियम नावाचे एकपेशी जीव कधी लवकर मरत, कधी उशिरा. फरक उजेडाचा निघाला. 1900 साली त्याने ते छापलं.

पण मन रमतं ते कोपनहेगनमध्ये. तिथल्या डॉक्टरांनी दिवाच बाजूला ठेवला. आधी सनस्क्रीन, मग मलम, आणि अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडून दोन तास दिवसाच्या उजेडात बसायचं. ज्या अतिनील किरणांनी बिघाड केला, त्यांना सनस्क्रीन अडवतं. दिसणारा उजेड आत जातो. प्रोटोपॉर्फिरिन न साठता जसं तयार होईल तसं खर्च होतं, म्हणून दुखतंही फार कमी.

त्या बाकावर मनाने बसा. ढग आले तरी चालतील. घाई नाही.

आता परत आपल्या हाताकडे या. सावळ्या कातडीत हा चट्टा विरळा. अल्बिनिझम असलेल्यांनी मात्र फार जपायला हवं. तरी एकदा बोट फिरवा, कानाच्या पाळीवर, टक्कल असेल तर तिथेही. खरखर लागली आणि महिनाभरात गेली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.