सगळं ऑनलाइन आहे की!

परवा एक फोटो पाहिला. आत सोडलं नाही म्हणून पालिकेच्या पायऱ्यांवर ताटकळलेली माणसं, आणि त्यावर पालिकेतल्या साहेबांचा खुलासा : लोकांनी यायचंच कशाला? सगळं ऑनलाइन आहे की! सुरक्षा, अपुरं मनुष्यबळ ही कारणंही पुढं झाली. ते नेहमीचंच.

हे ऑनलाइन प्रकरण मात्र पचत नाही. नळाला गढूळ पाणी येतंय? फोटो टाका. फाइल मोठी आहे, लहान करा. ओटीपी येईल, येतो, तोवर त्याची मुदत संपलेली. दोन दिवसांनी मेसेज : ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ बादलीतलं पाणी अजून चहाच्या रंगाचं. विचारायला जावं तर शिपाई म्हणतो, ऑनलाइन करा. मग साहेबांना तरी दालन, अँटीचेंबर, दारात गाडी कशाला? घरूनच अपलोड व्हावं!

लोकांनी यायचंच कशाला, असं विचारणाऱ्यांनी बोरीबंदरसमोरची मुंबई महापालिकेची इमारत बघावी. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, समोरचं स्टेशनही त्याचंच. कोनशिला 1884ची, काम पुरं झालं 1893ला. मंजूर खर्च 11,88,082 रुपये, झालेला 11,19,969. हो, कमी! (हल्लीच्या ठेकेदारांना हे वाचून दाखवू नये.) गॉथिक अंगावर घुमट, 255 फुटी मनोरा, दर्शनी भागावर पंख पसरलेली नगरदेवता. गोऱ्या साहेबाला रयतेवर छाप पाडायची होती, यात शंका नाही. पण छाप पाडायची तर माणूस दारापर्यंत यावा लागतो, एवढं त्यालाही कळत होतं.

बाहेर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. 1888च्या महापालिका कायद्यामागं त्यांची बुद्धी. त्या कायद्यानं चालणाऱ्या सभागृहाची मुदत मार्च 2022मध्ये संपली आणि पुढं कित्येक वर्षं तिथं नगरसेवकच नव्हते. दर्शनी भागावरची तिरंगी रोषणाई तेवढी चुकली नाही. लोकप्रतिनिधींविना पालिका चालू शकते, हे आपल्याला फारसं खटकलं नाही, तर सामान्य माणसाविना चालली म्हणून कोण रडणार?

असो. मला बाकांचं वेड आहे. सरकारी इमारतीत मी आधी बाक शोधतो, मग पिण्याचं पाणी. हल्लीच्या पालिकांत काचा दिसतात, ग्रॅनाइट दिसतं, माननीयांच्या नावांची भली मोठी पाटी दिसते. टेकायला जागा म्हणून पायरी. आता तर बाकही ऑनलाइन मिळतात. चार मागवून टाका, साहेब. ओटीपी आम्ही सांगतो.