गच्चीला कुलूप

पुण्याच्या सदाशिव पेठेत ‘कॉट बेसिस’वर मिळणारी खोली एकदा आत जाऊन पाहावी. भिंतीला लागून चार-पाच लोखंडी कॉट, त्यांच्याखाली बॅगा आणि गावाकडून आलेले डबे, वर दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. मधल्या चिंचोळ्या जागेत एक जण उभा राहिला की दुसऱ्याला पाय वर घ्यावे लागतात. सूर्यनमस्कार घालायचे कुठे? बीड-परभणीकडून आलेला, गावी शेतात नि एसटी स्टँडपर्यंत रोज पायपीट करणारा मुलगा इथे खोली, मेस आणि अभ्यासिका एवढ्यातच दिवस काढतो. तिन्ही बहुधा दोन गल्ल्यांच्या आत. इमारतीला गच्ची असते, पण भाडेकरू पोरांसाठी तिला कुलूप.

दिवाळीला तो घरी गेला की सगळे म्हणतात, ‘पुण्याला जाऊन आळशी झालास.’

हा ठपका अन्यायाचा आहे. पवईच्या आयआयटीचा परिसर सुमारे साडेपाचशे एकरांचा. वसतिगृहातून वर्गात जाताना चालणं किंवा सायकल होतेच, मैदान नि पोहण्याचा तलावही आवारातच. तिथल्या मुलांच्या अंगात जास्त उत्साह असतो असं नव्हे. त्यांच्या वाट्याला जागा आली आहे. कर्जत-कसाऱ्याहून लोकलने मुंबईच्या कॉलेजांत येणाऱ्या मुलांचं शरीर तर जिने चढून आणि उभं राहूनच दमतं. कॉलेज सुटल्यावर कबड्डीचा सराव सुरू होतो, तेव्हा ही मुलं स्टेशनची वाट धरतात, आणि संघात नाव लागायचं राहून जातं.

प्रौढ माणसानं आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2024 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, 2022 मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ तेवढी हालचाल करत नव्हते, पुरुषांत हे प्रमाण सुमारे 42 टक्के, तर स्त्रियांत 57 टक्के.

या दरीमागे घरकामापासून रस्त्यावरच्या भीतीपर्यंत पुष्कळ कारणं असतील, पण मुलींच्या वसतिगृहाचं फाटक त्यात धरायलाच हवं. ऊन उतरतं, मैदानावर वारं सुटतं, मुलं फुटबॉल घेऊन उतरतात, आणि नेमक्या त्याच वेळी मुलींना हजेरीसाठी आत परतायचं असतं. दिल्लीत 2015 साली ‘पिंजरा तोड’ म्हणत विद्यार्थिनी याच वेळांविरुद्ध उभ्या राहिल्या. सुरक्षिततेची काळजी खोटी नाही. मात्र त्या काळजीची किंमत एकट्या मुलीनं का मोजावी? मैदानावर दिवे लावणं आणि पहारेकरी नेमणं हे संस्थेचं काम आहे.

मुलाला शहरात पाठवताना आईबाप भाडं विचारतात, मेसचं जेवण कसं आहे विचारतात. जवळ मैदान कुठे, मुलीला तिथे किती वाजेपर्यंत थांबता येईल, गच्ची उघडी असते का, हेही त्याच बैठकीत विचारायला हवं. कॉलेजांनी पेठेत राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी पहाटे मैदानाचं फाटक उघडावं. आणि घरमालकाला गच्चीचं कुलूप काढायला पैसे पडत नाहीत.