शेजाऱ्यांनी ठेवलेले नाव

'वेल्स' या देशनावाचा अर्थ 'परक्यांचा मुलूख' असा सांगितला जातो. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्या ब्रिटनांना समुद्रापलीकडून आलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी परके ठरवावे, हा उफराटा न्याय मनाला लागतो; म्हणूनच ही व्युत्पत्ती इतकी पसरली असावी. ती खोटी नाही. पण ती अर्धीच आहे, आणि उरलेला अर्धा भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

मूळ शब्द जुन्या जर्मानिक भाषांमधला 'वाल्ह'. सीझरने गॉलच्या युद्धाच्या वृत्तांतात हर्सिनियन अरण्याच्या परिसरातल्या वोल्के या केल्टिक टोळीचा उल्लेख केला आहे. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ त्या टोळीच्या नावात शोधतात. शब्दातला 'ह' इथे साक्षीला येतो. जर्मानिक भाषांत एका टप्प्यावर जुन्या 'क'चा 'ह' झाला; तेव्हा 'वोल्क'चे 'वाल्ह' व्हायचे तर हा शब्द त्या बदलाच्या आधीच उचललेला असला पाहिजे. एका शेजारी टोळीचे नाव पुढे साऱ्या केल्टांना लागले, आणि गॉलमध्ये लॅटिन रुजल्यावर लॅटिन बोलणाऱ्यांनाही.

'वाल्ह' म्हणजे कोणीही परका, एवढाच अर्थ असता तर तो स्लाव्हांना आणि फिनांनाही लागला असता. तसे झाले नाही. स्लाव्हांसाठी जर्मन लोकांकडे 'वेंड' हा निराळा शब्द होता. कादंबरीकार म्हणून जगाला ठाऊक असलेले, पण पेशाने भाषाशास्त्राचे प्राध्यापक असलेले टॉल्किन यांनी १९५५ साली ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात यावरच बोट ठेवले होते. 'वाल्ह' म्हणजे केल्टिक किंवा लॅटिन बोलणारा, रोमच्या जगातला माणूस. अक्रोडाचे इंग्रजी नाव 'वॉलनट' यातूनच आले: वाल्हांकडचे, म्हणजे गॉल-इटलीकडचे फळ. त्यात तुच्छता शोधूनही सापडत नाही.

मग तुच्छता आली कुठून? वेसेक्स या अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा इने याच्या सातव्या शतकाअखेरच्या कायद्यात याचे उत्तर मिळते. माणूस मारला गेला तर त्याच्या नातलगांना किती भरपाई द्यायची, याचे दर तिथे दिले आहेत. पाच हाइड जमीन बाळगणाऱ्या वेल्श माणसाचे मोल ६०० शिलिंग, एक हाइडवाल्याचे १२०, भूमिहीनाचे ६०. राजाचे निरोप पोचवणाऱ्या वेल्श घोडेस्वाराचे मात्र २००. म्हणजे या काळात वेल्श माणूस जमीनदारही होता आणि राजाच्या चाकरीतही होता; फक्त कायद्याने सॅक्सनांच्या तुलनेत त्याची किंमत उतरवून ठेवली होती. पुढे या कायद्यांच्याच भाषेत, म्हणजे जुन्या इंग्रजीत, 'वाल्ह'चेच रूप असलेला 'वेआल्ह' हा शब्द गुलामासाठी वापरला जाऊ लागला. हा अर्थ व्युत्पत्तीतून आलेला नाही. तो पराभवातून आला.

जिथे तसा पराभव झाला नाही तिथे शब्दानेही ते वळण घेतले नाही. स्वित्झर्लंडचे जर्मनभाषक आपल्या फ्रेंचभाषक देशबांधवांना आजही 'वेल्श' म्हणतात. बेल्जियममधला वालोनिया त्याच कुळातला. स्लाव्हिक भाषांनी हा शब्द जर्मानिकांकडून घेतला, आणि पोलिशमध्ये 'व्वोखी' म्हणजे चक्क इटली. हंगेरियनने त्यातून दोन शब्द घडवले: 'ओलास' म्हणजे इटालियन, 'ओलाह' म्हणजे रुमानियन. बाल्कनच्या डोंगरांत मात्र 'व्लाख' हा मेंढपाळ झाला, आणि ग्रीकमध्ये तर 'अडाणी गावंढळ'. रोमची भाषा बोलणाऱ्यांचेच हे नाव. पण कळप घेऊन हिंडणाऱ्यांच्या वाट्याला ते आले तेव्हा त्याची प्रतिष्ठा गेली.

नावे ठेवणारे एक म्हणत असताना ज्यांना ती ठेवली ते स्वतःला वेगळेच म्हणत होते, हेही विसरून चालणार नाही. वेल्श लोक आपल्या देशाला 'कम्री' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'एका भूमीतले लोक' अशी कल्पना आहे. बाहेरच्यांनी याच 'व्लाख'वरून ज्या प्रदेशाला वालाकिया म्हटले, तिथले लोक स्वतःला 'रोमन' याच शब्दातून आलेल्या नावाने ओळखत, आणि १८६६च्या राज्यघटनेत देशाचे नाव रुमानिया असे नोंदले गेले.

व्युत्पत्ती सांगितली की अर्थ सांगितला, असे मानणाऱ्यांनी आयर्लंडकडे पाहावे. ११६९नंतर नॉर्मन सरदारांबरोबर वेल्समधून माणसे तिथे उतरली आणि जिंकलेल्या प्रदेशात स्थायिक झाली. त्यांना 'वॉल्श', म्हणजे वेल्समधले, असे नाव पडले, आणि आयर्लंडमध्ये सर्रास आढळणाऱ्या आडनावांत ते आजही आहे. वेसेक्समध्ये ज्या शब्दाने गुलाम ओळखला गेला, त्याच शब्दाने इथे जेत्यांच्या बाजूने आलेली घराणी ओळखली गेली.